जात्याला मोटर

मामेबहिणीच्या हळदीच्या व्हिडिओला आजीच्या ओव्या लावायच्या, ही आयडिया माझीच. माझं आजोळ मुरुम, तालुका उमरगा. तिथे जात्यावर बसून आजीने म्हटलेल्या ओव्यांची एकच कॅसेट घरात उरलीय. ती मी पूर्वीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. ऑफिसातून आलो, लॅपटॉप उघडला, तासाभरात मिक्सिंग फत्ते! क्लिप आईला पाठवली.

पाच मिनिटांत फोन. ‘‘माय कधी अशी पळत म्हणायची का? जात्याला मोटर बसवलीस काय रे?’’

हेडफोन लावून नीट ऐकलं. आजीचा आवाज बारीक झाला होता, आणि जात्याची घरघरही जाम घाईत होती.

लोचा होता सॅम्पल रेटचा. साउंड कार्ड आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने टिपतं. आपल्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि तेवढं पकडायला त्याच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात. सीडीसाठी सोनी आणि फिलिप्सने ४४,१०० हा आकडा घेतला. इतका विचित्र का? तर तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. एका ओळीत ३ नमुने, एका फील्डमध्ये २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. करा गुणाकार! व्हिडिओवाल्यांचा रेट मात्र ४८,०००. त्याला २४ आणि २५ फ्रेम्सनी पूर्ण भाग जातो.

माझी फाइल ४४,१००ची, प्रोजेक्ट ४८,०००चा. सॉफ्टवेअरने बिचाऱ्याने विचारलं होतं, ‘कन्व्हर्ट करू का?’ आपण सगळ्याच पॉप-अपना म्हणतो तसं मी ‘नो’ म्हटलं. झालं! १० मिनिटांचं गाणं ९ मिनिटं ११ सेकंदांत उरकलं आणि पट्टी जवळजवळ पाऊण स्वर चढली. काळी एकमधली आजी काळी दोनच्या वाटेला लागली.

उपाय सोपा आहे. फाइल, सॉफ्टवेअर आणि साउंड कार्ड, तिघांचा रेट एकच ठेवा. विंडोजमध्ये तो साउंड सेटिंग्जमध्ये, डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतो. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये. व्हिडिओसाठी काम असेल तर सुरुवातीपासूनच ४८,०००. फाइल वेगळ्या रेटची असेल तर कन्व्हर्ट करू द्या. आणि जुन्या कॅसेटसाठी ९६,०००चा हट्ट नको. फाइल दुप्पट होईल, आजी दुप्पट गोड होणार नाही. मूळ फाइल मात्र कधीच पुसू नका. माझी होती म्हणून वाचलो.

दुरुस्त क्लिप पुन्हा पाठवली. या वेळी फोन यायला बराच वेळ लागला. आई एवढंच म्हणाली, ‘‘हां. आता माय आहे.’’

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. चूक मला सापडली नव्हती, आईला सापडली. कारण ती लय तिने त्या जात्यापाशी बसून ऐकलीय. आणखी पंधरा-वीस वर्षांनी ती क्लिप ऐकणाऱ्यांना पळणारी आजीच खरी वाटली असती.

तुमच्याही घरच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट पडली असेल. या रविवारी काढा. रेट तपासा. आणि तो आवाज ज्यांनी समोर बसून ऐकलाय, त्यांना शेजारी बसवूनच ‘सेव्ह’ दाबा.