क्षमता यंत्रात आहे, तर ती मालकाला दिसलीच पाहिजे

आर्वी तालुक्यातल्या रोहण्यात मे महिन्याच्या दुपारी पारा 45 अंशांच्या आसपास असतो. टिनाच्या छपराखाली, कुणाकडून जुना घेतलेला लॅपटॉप विद्यार्थी दिवसभर चार्जरला लावून ठेवतात, कारण लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. त्यांची काळजी रास्त आहे. पण त्या काळजीनेच बॅटरी मरते. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि पूर्ण भरलेपण या दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत. ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’च्या प्रसिद्ध तक्त्यानुसार 40 अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या बॅटरीची क्षमता सुमारे 65 टक्क्यांवर येते. तीच 40 टक्के भरून ठेवली तर सुमारे 85 टक्के उरते.

यावरचा इलाज बहुतेक वेळा त्याच लॅपटॉपमध्ये असतो. मुख्य प्रोसेसरपासून वेगळी एक छोटी चिप, म्हणजे एम्बेडेड कंट्रोलर, चार्जिंग आणि पंखा सांभाळते. अनेक मॉडेलांत तिला ‘80 टक्क्यांवर थांब’ असे सांगता येते. पण सांगायचे कुणी आणि कोणत्या वाटेने? ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, ती वाट उघडली तरच वापरणारा तिथवर पोहोचतो. थिंकपॅड लॅपटॉपसाठी लिनक्स कर्नलने ही सोय 2018 साली 4.17 आवृत्तीत दिली. असूसच्या लॅपटॉपना ती 2019 मध्ये मिळाली. तोवर ज्यांना हवी होती, त्यांना कर्नलबाहेरची मोड्यूल जोडून काम भागवावे लागे.

ही दारे उघडू नयेत असे म्हणणारा एक पूर्वपक्ष आहे. त्याला हलके लेखून चालणार नाही, कारण तो अनुभवातून आलेला आहे.

त्याचा पहिला आक्षेप असा: लोकांच्या हाती हार्डवेअरची किल्ली दिली तर ते यंत्र मोडतील. याला दाखलाही आहे. 2016 च्या सुरुवातीला एका लिनक्स वापरकर्त्याने सगळ्या फाइली पुसण्याची आज्ञा दिली. कर्नलने फाइलींच्या रूपात मांडलेली फर्मवेअरची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, चले (‘ईएफआयव्हार्स’), तीसुद्धा पुसली गेली आणि लॅपटॉप सुरूच होईना. आक्षेप घेणारे इथे थांबतात. पुढे काय झाले ते पाहा. कर्नलने ती चले लपवली नाहीत. 4.5 आवृत्तीपासून त्यांतली बहुतेक आपोआप कुलूपबंद राहू लागली, ज्याला खरोखर बदलायची आहेत त्याने आधी जाणीवपूर्वक कुलूप काढायचे. शिवाय सुरूच न होण्याइतका दुबळा फर्मवेअर हा दोष बनवणाऱ्याचा होता.

दुसरा दाखला अधिक गंभीर आहे. 2020 मध्ये ‘प्लॅटिपस’ नावाच्या संशोधनाने दाखवले की इंटेल प्रोसेसरच्या वीजवापराचे आकडे कुणालाही वाचता येत असतील, तर त्यांवरून गुप्त किल्ल्यांचा माग काढता येतो. तेव्हाही आकडे काढून टाकले नाहीत. ते वाचण्याचा अधिकार फक्त रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्यापुरता ठेवला. धोका खरा होता, म्हणूनच उत्तर परवानगीत शोधले गेले. थिंकपॅडचा पंखा हाती घेण्याची मुभाही मुळात बंदच असते. चालू केली तरी प्रोग्रॅम 120 सेकंदांपर्यंतच्या ठरवलेल्या मुदतीत काही बोलला नाही, तर पंखा पुन्हा फर्मवेअरकडे जाईल अशी राखण लावता येते. सुरक्षितता आणि खुलेपणा यांत वैर नाही, हे कर्नलमधले असे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे भाग, रोज सिद्ध करतात.

दुसरा आक्षेप कर्नल सांभाळणाऱ्यांचा आहे आणि मला तोच सर्वांत वजनदार वाटतो. एकदा अशी सोय फाइलच्या रूपात उघड केली की ती कायमची निभवावी लागते, कारण लोकांचे प्रोग्रॅम तिच्यावर विसंबतात. हे ओझे खरे आहे. थिंकपॅडच्या चार्जिंग मर्यादांना पुढे सर्वांसाठी समान असे नाव मिळाले, तरी जुने नावही ठेवावे लागले. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘उघडू नका’ हा नाही, ‘विचार करून आणि एकाच नावाने उघडा’ हा आहे. एका कंपनीची सोय एका नावाने, दुसरीची दुसऱ्याच, अशी मांडणी झाली की सामान्य माणसासाठी बटण बनवणाऱ्याला प्रत्येक कंपनीचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. लिनक्सवरच्या नोम डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये बॅटरी जपण्याचा पर्याय मार्च 2025 मध्ये, 48 व्या आवृत्तीत आला. कर्नलमध्ये फाइल आल्यापासून सुमारे सात वर्षांनी.

तिसऱ्या आक्षेपाला फार वेळ द्यायला नको. ‘साध्या वापरकर्त्याला हे लागतच नाही,’ असे तो म्हणतो. 22 अंशांच्या वातानुकूलित खोलीत कदाचित लागत नसेल. ज्याला नवीन बॅटरीसाठी आर्वी, पुलगाव नाहीतर वर्धा गाठावे लागते आणि तिची किंमत जुन्या लॅपटॉपच्या मानाने जड जाते, त्याला ते सर्वांत आधी लागते.

रोहण्याच्या शिवारात यंत्रातली क्षमता मालकाला दिसण्याचा हाच प्रश्न सौरपंपाच्या रूपाने उभा आहे. केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 ची, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ 2024 ची. पंप वर्षातले कित्येक महिने बंद असतो, पॅनेलवर ऊन मात्र पडतच असते. त्याच विजेवर कडबाकुट्टी किंवा चक्की चालवू शकणाऱ्या युनिव्हर्सल कंट्रोलरची तरतूद पीएम-कुसुमच्या नियमांत आहे. आपल्या बांधावरच्या डब्यात ती क्षमता आहे की नाही, आज किती वीज तयार झाली, पंप बंद पडला तो कशामुळे, हे स्वतःचा हिस्सा भरणाऱ्या शेतकऱ्याला त्या डब्यावरच, मराठीत वाचता आले पाहिजे. दूरच्या सर्व्हरला आकडे पाठवता येतात, तर समोर उभ्या मालकाला दाखवण्यात अडचण कसली?

म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना माझे सांगणे आहे: कंट्रोलरला जे जमते ते उघड करा, समान नावाने करा, धोक्याचे असेल तिथे कुलूप लावा आणि दस्तऐवजात तसे लिहा. आणि वाचकांना विनंती, तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ऊन तापण्याआधी ‘सिस’ फोल्डरच्या ‘पॉवर सप्लाय’ विभागात चार्जिंग थांबवण्याच्या मर्यादेची फाइल आहे का, ते पाहा. असेल तर रूट अधिकाराने तिच्यात 80 लिहा. नसेल तर मॉडेलचे नाव आणि कर्नलची आवृत्ती नोंदवून तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना कळवा.