पहिली झडती त्याच्याच दप्तराची



परवा रात्री मळ्यातल्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि काल सकाळी चावडीवर ठरलं, की गायरानातली पालं आठवडाभरात उठवायची. पुरावा कुणी मागितला नाही. पारधी आहेत, एवढं पुरे झालं. शुक्रवारच्या ग्रामसभेत ठराव येण्याआधी माझं ऐका, ही हात जोडून विनंती.

पालावरचा एक पोरगा माझ्या वर्गात होता. गणितात माझ्या पुढे, गलोलीचा नेम तर विचारूच नका. वर्गात काही हरवलं की पहिली झडती त्याच्याच दप्तराची. एकदाही काही सापडलं नाही. एकदा तर हरवलेली कंपासपेटी मालकाच्याच घरी निघाली, तरी त्याची माफी कुणी मागितली नाही. मीही नाही. पाचवीत त्यानं शाळा सोडली. पुढे पंचक्रोशीत कुठंही चोरी झाली की पहाटे पालावर पोलिसांची गाडी यायची; आधी बापाला न्यायचे, मग त्यालाही नेऊ लागले. विशीत तो खरोखरच एका घरफोडीत सापडला. गाव म्हणालं, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणत होतो ना. तो सात वर्षांचा होता तेव्हापासून म्हणत होतो.

मी त्याची वकिली करत नाही. त्या घरफोडीत ज्या म्हातारीची पोत गेली, तिची गेलीच.

पण चोर असल्याचा हा शिक्का आपल्या गावानं मारलेला नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. सोलापुरात तर माणसं तारेच्या कुंपणात ठेवली. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला, आपल्या तोंडातून नाही. फासे लावून तितर-लावे धरणं हा फासेपारध्यांचा धंदा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तोही गुन्हा झाला. जमीन नाही, शिकार नाही, कामाला कुणी उभं करत नाही. मग खायचं काय, हे चावडीवर विचारून बघा. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात याच लोकांची हजेरी बंद करून त्यांना पहाऱ्याची कामं दिली होती. महाराज काही भोळे नव्हते.

आणि राईनपाडा विसरू नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, एवढी अफवा मोबाईलवर होती. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावानं ठेचून मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. तो जमाव आपल्यासारखाच बाजाराला आला होता.

म्हणून सांगतो. मोटारीची फिर्याद ठाण्यात द्या, पण नाव आपण भरू नका. ते शोधणं पोलिसांचं काम. ग्रामसभेला या आणि पालं उठवायच्या ठरावाला हात वर करू नका. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालावरच्या माणसांचे फोटो टाकून ‘हेच ते’ लिहिलंय, ते आजच काढा. पालावरच्यांना जातीचा दाखला काढायचा तर १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांना कुठं टिकूच दिलं नाही, ते तो कुठून आणणार? तेव्हा ज्या वडीलधाऱ्यांनी यांचे आजे-पणजे गायरानात पाहिलेत, त्यांनी दाखल्याच्या चौकशीला साहेब आले की तसं स्पष्ट सांगावं.

पालावरची अकरा मुलं शाळेत जायच्या वयाची आहेत. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला त्यांना परत पाठवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं लिहिलेलं आहे. माझा तो वर्गमित्र शिक्षा भोगून कधीच परत आलाय. त्याची नात यंदा पहिलीत जाईल. १५ जूनला मी तिला घेऊन शाळेत येतोय. बाकावर तिघं बसतात. एका कडेला माझी नात बसेल. दुसऱ्या कडेला कुणाचं मूल बसवता, ते शुक्रवारच्या आत मला येऊन सांगा.