तळपायाचा तीळ आणि परदेशयोग

तळपायाला तीळ असला की माणूस परदेशी जातो, तळहाताला असला आणि मूठ मिटल्यावर आत राहिला की पैसा टिकतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. सामुद्रिकाशी मला इथे वाद घालायचा नाही. ज्याच्या नशिबी परदेश असेल त्याने खुशाल जावे. पण मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कर्करोग आपल्या वर्णाच्या माणसांना होतो, तेव्हा तो बहुधा याच जागा धरतो: तळपाय, तळहात आणि नखाखालची कातडी. तेव्हा तिथल्या तिळाकडे कौतुकाने नव्हे, डोळसपणे बघावे, असे माझे म्हणणे आहे. यावर जो पूर्वपक्ष केला जातो तो आधी तपासू.

पहिला आक्षेप सुशिक्षितांचा. हा गोऱ्यांचा आजार, आपल्याला कशाला त्याची चिंता? त्यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे ३० हून अधिक लोकांना मेलॅनोमा होतो. भारतात लाखात एकही भरत नाही. आपल्या कातडीतले रंगद्रव्य उन्हाचा मारा बराचसा अडवते. पण तळपायाला ऊन लागते कुठे? तिथला मेलॅनोमा उन्हामुळे होत नाही, म्हणून तिथे सावळेपणाचे कवचही उपयोगी पडत नाही. हा विशिष्ट प्रकार सगळ्या वर्णांच्या लोकांत जवळपास सारखाच, म्हणजे फार थोडा, आढळतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये तो सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९८१ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे वय होते ३६.

दुर्मीळपणाच इथे घात करतो, कारण शंका कुणालाच येत नाही. शेतात अनवाणी वावरणाऱ्याच्या टाचेवर काळा डाग उठला तर काटा मोडला असेल म्हणतात. मग ते कुरूप ठरते. कुणी बिब्ब्याचा चटका देतो, कुणी औषधाच्या दुकानातून कुरूपाची पट्टी आणतो. जखम चिघळली की मलम. जांघेत गाठ हाताला लागते तेव्हा कुठे इस्पितळाची वाट धरली जाते, आणि तोवर रोग तळपायापुरता उरलेला नसतो.

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: तिळाला सुरी लावू नये, लावली की तो पसरतो. हे साफ चूक आहे. संशयित डाग कापून तपासल्याने मेलॅनोमा पसरत नाही. तो पसरतो थांबून राहिल्याने. अलेक्झांडर ब्रेस्लो या डॉक्टरांनी १९७० मध्ये दाखवून दिले की रोग्याचे पुढे काय होणार हे गाठ किती रुंद आहे यापेक्षा ती कातडीत किती खोल गेली आहे यावर ठरते, आणि ही खोली मिलिमीटरमध्ये मोजायची असते. एक मिलिमीटरच्या आत असताना काढलेल्या गाठीचे बहुतेक रोगी बरे होतात. पुढे प्रत्येक मिलिमीटर महाग पडतो. उशिरा सुरी लागलेली माणसे दगावली आणि आळ सुरीवर आला, असे मला वाटते.

गंमत अशी की सुरीला भिणारी हीच मंडळी लग्नसराईत पार्लरमध्ये जाऊन तीळ जाळून घेतात. घरी चुना लावून किंवा घोड्याच्या केसाने आवळून चामखीळ पाडणारेही आहेत. माझा सर्वांत मोठा विरोध याला आहे. जाळलेल्या तिळाचा तुकडा मागे राहत नाही. मग तो काय होता हे कुणालाही, कधीही सांगता येत नाही. शंकास्पद तीळ काढायचाच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून किंवा सर्जनकडून काढावा आणि तुकडा पॅथॉलॉजीला पाठवलाच पाहिजे, असा आग्रह धरावा.

तिसरा पक्ष अगदी उलट टोकाचा आहे: मग सगळेच तीळ काढून टाकू. हाही टिकत नाही. बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून नव्हे, कोऱ्या कातडीवर नव्याने उगवतात. अंगावरचे सगळे तीळ खरवडले तरी संरक्षण मिळत नाही, खर्च आणि व्रण तेवढे पदरात पडतात. तिशीपर्यंत नवे तीळ येणे स्वाभाविक आहे. मध्यमवयात गालांवर उगवणारे बारीक काळे ठिपके आणि म्हातारपणी पाठीवरचे, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे खडबडीत डाग बहुधा निरुपद्रवी असतात.

मग दाखवायचे कधी? न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये चार खुणा सांगितल्या: दोन अर्धी सारखी नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, एकाहून अधिक रंग, आणि पेन्सिलीमागच्या रबरापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरहून, मोठा आकार. त्या उपयोगी आहेत, पण बेतल्या गेल्या गोऱ्या कातडीवर. तळपायावर आणि नखात त्या दगा देऊ शकतात. मी बदलाला अधिक महत्त्व देतो. काही आठवड्यांत वा महिन्यांत वाढणारा, रंग बदलणारा, उगाच खाजणारा, लागलेले नसताना रक्त येणारा तीळ दाखवावा. चाळिशीनंतर नव्याने आलेला आणि इतर तिळांच्या घराण्यातला न वाटणारा तीळही दाखवावा. चेहऱ्यावर, नाकाजवळ किंवा पापणीवर चकचकीत काळी पुटकुळी येऊन तिच्यावर पुन्हापुन्हा खपली धरत असेल तर तो निराळा कर्करोग असू शकतो. आपल्याकडे तो अनेकदा काळाच दिसतो आणि तीळ म्हणून खपतो. तो सहसा शरीरभर पसरत नाही, पण नाक-पापणी कुरतडत जातो.

नखाची परीक्षा घरी करता येते. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागते. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते. डाग सरकत नसेल, मुळापासून टोकापर्यंत एकच पट्टा असेल आणि तो रुंदावत असेल, तर तो मार नव्हे. काळपटपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल तर त्याच आठवड्यात जावे. अनेक नखांवर फिकट तपकिरी रेघा मात्र सावळ्या माणसांत नेहमीच्याच.

मोबाइलवर तिळाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढून ठेवला तर पुढच्या वेळी वाद राहत नाही. रक्त येत असेल तर फोटोंच्या नादी न लागता निघावे. केईएम, ससून यांसारख्या रुग्णालयांत त्वचाविभाग आहेत. डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने तीळ बघायला काही मिनिटे लागतात, दुखत नाही, आणि बहुतेकांना तिथूनच परत पाठवतात. मधुमेही माणसांना डॉक्टर एरवीही सांगतात की रोज आरसा धरून तळपाय बघा, जखम झाली असेल तर कळणार नाही. घरात असा कुणी असेल तर आरसा आधीच हाताशी आहे. तो सगळ्यांनी वापरावा, आणि जखमेबरोबर काळा डागही बघावा.