यंदाच्या बायबल शिबिराचा विषय पाणी: मंडळीला जाहीर आवाहन



येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते अकरा या वेळेत आपल्या चर्चच्या आवारात मुलांचं बायबल शिबिर भरवायचं ठरलं आहे. समारोप त्याच आठवड्याच्या रविवारी, उपासनेत. पाचही दिवस विषय एकच असेल: पाणी. सुट्टी लागायला अवकाश असताना हे आवाहन करतो आहोत, कारण संडे स्कूलच्या शिक्षकांनी एकट्याने पेलावा असा हा विषय नाही. मंडळीतल्या ज्या माणसांनी आजवर मुलांच्या वर्गात पाऊल टाकलेलं नाही, त्यांचीच या वेळी खरी गरज आहे.

हा विषय का निवडला, ते आधी सांगतो. शिबिरांची तयार पाकिटं बाजारात मिळतात. एका वर्षी अंतराळयान, एका वर्षी जंगल सफारी, एका वर्षी बर्फाचे डोंगर. पोस्टर, गाणी, नाच, बक्षिसं सगळं त्यात आलेलं असतं आणि शिक्षकांची मेहनत वाचते. त्यात वाईट काही नाही. पण महिन्याभराने मुलांना विचारलं तर यान आठवतं, गोष्ट आठवत नाही, हे आपल्यापैकी बऱ्याच शिक्षकांनी पाहिलं आहे. शिबिराचा विषय गोष्टींना एकमेकींशी आणि मुलाच्या घराशी जोडणारा हवा. आपली मुलं नगर जिल्ह्यात वाढतात. मे महिन्यात टँकरची वाट पाहणं, ड्रम भरून ठेवणं, आटलेल्या ओढ्यात क्रिकेट खेळणं हे त्यांचं रोजचं जगणं आहे. बायबलमधले लोकही अशाच कमी पावसाच्या मुलखातले. त्यांची भांडणं विहिरीवरून होतात, लग्नं विहिरीवर जुळतात, विश्वासाची परीक्षा दुष्काळात होते. चोवीस तास नळ असलेल्या शहरातल्या मुलाला जे समजावून सांगावं लागेल, ते आपल्या मुलांना आधीच ठाऊक आहे. एवढी मोठी शिदोरी हाताशी असताना आपण त्यांना अंतराळात का न्यावं?

पहिल्या दिवशी इसहाकाच्या विहिरी. बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या, इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या. नव्या खणलेल्या दोन विहिरींवरून भांडण झालं तेव्हा त्या सोडून तो पुढे गेला, आणि तिसरीवर कुणी हक्क सांगितला नाही. बांधावरची आणि विहिरीच्या पाळीवरची भांडणं मुलं घरात ऐकतातच. इसहाक भित्रा होता की शहाणा, यावर मोठ्या मुलांना मनसोक्त वाद घालू द्यावा.

दुसरा दिवस रिबकेचा, आणि आमचा सगळ्यात जास्त जीव याच दिवसात आहे. अब्राहामाच्या सेवकाबरोबर दहा उंट होते. खूप तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. म्हणजे दहा उंटांना हजार लिटर, आणि दहा लिटरची घागर धरली तर शंभर खेपा. आपण ही गोष्ट एका वाक्यात उरकतो: रिबकेने उंटांनाही पाणी पाजलं. मुलांना आधी त्या खेपा करू द्या. आवारात दोन ड्रम ठेवायचे, मुलांनी छोट्या कळश्यांनी एकातलं पाणी दुसऱ्यात न्यायचं आणि खेपा मोजायच्या. विसाव्या-पंचविसाव्या खेपेला हात भरून आले की मग सावलीत बसवून गोष्ट सांगायची. अनोळखी प्रवाशाच्या जनावरांसाठी, कुणी न सांगता एका मुलीने किती कष्ट उपसले, हे तेव्हा अंगाला कळतं. ज्या मुलींच्या वाट्याला घरी रोज पाणी भरणं येतं, त्यांना या गोष्टीत स्वतःचं मोल दिसावं, आणि मुलग्यांना हे काम आपलंही आहे हे कळावं.

इथे एक अट आहे. टँकरच्या दिवसांत पाण्याचा खेळ करून पाणी सांडायचं, हे आपल्याला शोभणार नाही. पाचही दिवस तेच पाणी वापरायचं, ते भरून ठेवायचं आणि शेवटी आवारातल्या कडुलिंबांना घालायचं. याचा हिशोब मोठी मुलं ठेवतील.

तिसऱ्या दिवशी एलीया आणि करीथ ओहोळ. देवानेच एलीयाला त्या ओहोळाकाठी पाठवलं, कावळ्यांकडून अन्न पुरवलं, आणि काही दिवसांनी पाऊस नसल्यामुळे तो ओहोळही आटला. शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की इथे घाई करू नका. देवाने पाठवलेल्या जागी पाणी का आटलं, हे एखादं मूल विचारेलच. त्याला तयार उत्तर देऊन गप्प करू नये. प्रश्न फळ्यावर लिहावा आणि ज्याचं वाक्य अजून पुरं झालेलं नाही त्या मुलालाही बोलू द्यावं. याच दिवशी मंडळीतल्या आजी-आजोबांनी यावं अशी आमची फार इच्छा आहे. १९७२चा दुष्काळ तुम्ही पाहिलेला आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडलेले हात अजून आपल्यात आहेत. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, गावातून निघून गेलेली जनावरं, आणि त्या दिवसांत केलेल्या प्रार्थना, हे मुलांना तुमच्या तोंडून ऐकू द्या. भाषण करायचं नाही. बारा वर्षांवरची मुलं वही घेऊन तुमच्याशेजारी बसतील, विचारतील आणि लिहून घेतील. अशा वह्या मंडळीच्या कपाटात जपून ठेवण्यासारख्या आहेत.

चौथ्या दिवशी नदीत बुडी मारून बरा झालेला सेनापती नामान. त्याला वाट दाखवली ती घरात राबणाऱ्या एका बंदिवान मुलीने, आणि बायबल तिचं नावसुद्धा देत नाही. नाटक याच गोष्टीचं करावं, आणि त्या मुलीची भूमिका वर्गात सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीला द्यावी.

पाचवा दिवस सूखार गावच्या विहिरीचा. भर दुपारी येशू एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो, आणि तीच चकित होते, कारण यहूदी माणसाने तिच्याकडे पाणी मागणं तेव्हाच्या रीतीत बसत नव्हतं. ही गोष्ट महाराष्ट्रात सांगताना अर्धवट सांगू नये. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत पाणी घेतलं. आपल्या मंडळीतल्या किती घरांच्या पणज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभं राहू दिलं जात नव्हतं, हे आपण जाणतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे शांतपणे, खरं खरं सांगता येतं. येशूने त्या बाईचं भांडं विटाळलेलं मानलं नाही, या गोष्टीचं वजन त्याशिवाय त्यांना कळणार नाही.

त्या दिवशी दुपारनंतर मोठ्या मुलांना पाणलोटाचं काम झालेल्या एखाद्या गावी न्यायचा विचार आहे. हिवरे बाजार आपल्याच तालुक्यात आहे. शिवाय स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी याच जिल्ह्याला आपलं मानून अनेक दशकं पाणलोटाचं काम केलं, हे आपल्या मुलांना माहीतच नाही. डोंगरउतारावरच्या समतल चरांत थांबलेला पाऊस खालच्या विहिरीला कसा पोचतो, हे समजावून सांगणारा शेतकरी किंवा कृषी सहायक मंडळीत असेल तर त्याने पुढे यावं.

समारोपाला मुलं छोटं कीर्तन करतील. कृष्णराव सांगळे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यामुळे ख्रिस्ती कीर्तन मराठी मंडळ्यांत रुजलं, आणि टिळकांचं नाव तर नगरशी कायमचं जोडलेलं आहे. तबला, पेटी, टाळ वाजवणाऱ्यांनी पाचही दिवस शेवटचा अर्धा तास मुलांना द्यावा. पाच दिवसांत पाच वचनं घोकून घेण्याऐवजी एकच वचन चालीवर बसवू.

आपली बरीच मुलं आता इंग्रजी शाळेत जातात. मराठी त्यांना समजते, पण देवनागरी अडखळत वाचतात, आणि सगळ्यांसमोर वाचायला लावलं की दुसऱ्या दिवशी येत नाहीत. म्हणून सगळ्या गोष्टी तोंडी सांगायच्या. गोष्ट रंगवून सांगणारी माणसं हवी आहेत, मग ती कधी व्यासपीठावर गेलेली नसली तरी चालतील. चाक घेऊन एक सकाळ येईल असा कुंभार कुणाच्या ओळखीत असेल तर सांगावं; त्याची मजुरी मंडळी देईल. पुठ्ठा, माती, जुन्या साड्या, गोणपाट एवढं साहित्य पुरेल. थर्माकोल कुणी आणू नये.

सुरक्षिततेबाबत पाळकसाहेब आणि पंचकमिटी यांचं एकमत आहे. विषय पाण्याचा असला तरी एकाही मुलाला विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या काठाला नेलं जाणार नाही. मुलांच्या प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसं कायम असतील. कुणीही एकटा एका मुलाला घेऊन बसणार नाही. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नयेत. शेजारच्या इतर धर्मांच्या मुलांना यावंसं वाटलं तर त्यांचं स्वागत आहे, पण शिबिरात बायबलच्या गोष्टी सांगितल्या जातात हे त्यांच्या आई-वडिलांना आधी स्पष्ट सांगून, त्यांची लेखी संमती घेऊनच.

पैशांची मदत लागेल, पण ती नंतर मागू. आत्ता माणसं हवीत. महिला मंडळाने नाश्त्याची जबाबदारी घेतली आहे, तरुण संघाने मांडवाची. ज्यांना गोष्ट सांगायची, वाद्य वाजवायचं, दुष्काळाच्या आठवणी सांगायच्या किंवा मुलांबरोबर नुसतं बसायचं आहे, त्यांनी येत्या रविवारी उपासनेनंतर बालविभागाच्या टेबलावर नाव द्यावं. पालकांनी मुलाचं वय, शाळेचं माध्यम, औषध किंवा पथ्य असल्यास ते, आणि चालण्या-ऐकण्यात काही अडचण असल्यास तीही त्याच वेळी लिहून द्यावी, म्हणजे गट पाडताना त्याची सोय आधीच करता येईल. स्वयंसेवकांची पहिली बैठक त्यापुढच्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या मागच्या खोलीत आहे. येताना प्रत्येकाने उत्पत्तीचा चोविसावा आणि सव्विसावा अध्याय वाचून यावं.

आपले,
बालविभागाचे शिक्षक