रद्दीत घालण्याआधी

चार वर्षांपूर्वी आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, गेले. चाळिसावा झाल्यावर घर आवरायला काढलं, तेव्हा पलंगाखालच्या पेटीत सुतळीनं बांधलेले उर्दू मासिकांचे गठ्ठे निघाले. मी मराठी शाळेत शिकलेला. कुरआन अरबीत वाचतो, पण उर्दू मजकूर समोर आला की अडखळतो. घरात ते अंक कुणालाच नको होते. मीच रद्दीवाल्याला बोलावलं. मुखपृष्ठ आवडलं म्हणून एक अंक तेवढा ठेवून घेतला. पुढे कधीतरी अक्षरं लावत त्याचं नाव वाचलं : 'शायर'.

मग शोध घेतला. सीमाब अकबराबादी यांनी 1930 साली आग्र्यात हे मासिक सुरू केलं, नंतर ते मुंबईत आलं. त्यांचे नातू इफ्तिखार इमाम सिद्दीकी यांनी 2021 मध्ये निधन होईपर्यंत ते सांभाळलं. 'अर्थ' सिनेमात चित्रा सिंग यांनी गायलेली एक गझल त्यांची आहे. ती मी कॉलेजात असताना शंभर वेळा तरी ऐकली असेल. ती लिहिणाऱ्याचं मासिक आमच्याच घरात पडून होतं आणि मी ते किलोच्या भावानं विकलं.

हे सांगण्याचं कारण म्हणजे आपली नेहमीची तक्रार. सिनेमातला मुसलमान एक तर अतिरेकी असतो, नाही तर गुंड, नाही तर कव्वालीपुरता. मराठी मासिकांत तर आपण क्वचितच दिसतो. तक्रार खोटी नाही. पण ज्यांनी आपल्याला नीट दाखवलं, त्यांचं काम आपण किती पाहिलं?

माझ्या परिचयातल्या पंचवीस-तीस मुलामुलींना मी सईद अख्तर मिर्झा यांच्या 'नसीम'बद्दल विचारलं. दोघांनी नाव ऐकलं होतं, पाहिला कुणीच नव्हता. सिनेमा 1995 सालचा. 1992 च्या जूनपासून डिसेंबरपर्यंतची मुंबई, शाळेत जाणारी एक मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. आजोबांच्या भूमिकेत खुद्द कैफी आझमी आहेत. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात का गेला नाहीत, असा प्रश्न त्यांना विचारला जातो. ते आग्र्याच्या घरासमोरच्या झाडाची आठवण काढतात. ते झाड बायकोला फार आवडायचं, म्हणून राहिलो. भाषण नाही, देशभक्तीचा दाखला नाही. आपल्या घरातली म्हातारी माणसं अशीच बोलतात.

मिर्झांचाच 'सलीम लंगडे पे मत रो' 1989 चा. त्यात पवन मल्होत्रा यांनी सलीम केला आहे, मुंबईच्या मुस्लीम वस्तीतला किरकोळ दादागिरी करणारा पोरगा. त्याच्या बहिणीसाठी अस्लमचं स्थळ येतं. अस्लम शिकलेला, पण कमाई बेताची, उर्दू मजकुराची प्रूफं तपासून जगणारा. सलीमला आधी तो फालतू वाटतो, मग हळूहळू त्याचं बोलणं आत शिरतं. आपल्या वस्तीत सलीम कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. अस्लमही असतो, पण त्याला कुणी विचारत नाही.

तिसरं नाव मराठी, 'हलाल'. राजन खान यांच्या कथेवरचा शिवाजी लोटन पाटील यांचा हा सिनेमा 2017 साली आला. तलाक देणाऱ्या नवऱ्याकडे परत जायचं तर बाईला काय सोसावं लागतं, ते एका खेड्यात घडताना दिसतं. आम्ही आठ-दहा जणांनी तो मित्राच्या घरी पाहिला. संपल्यावर एक जण चिडून म्हणाला, "घरची धुणी चव्हाट्यावर धुवायची कशाला? बाहेरचे टपलेलेच आहेत." त्याची भीती मला कळते. आजच्या हवेत ती अनाठायी नाही. पण मित्राची आपा आतून म्हणाली, "चव्हाट्यावर आधी बाईला उभं केलंत. सिनेमा नंतर आला." कुणाला उत्तर सुचलं नाही. रात्री उशिरापर्यंत त्यावरच बोलत बसलो, आणि पहिल्यांदाच त्या घरातल्या बायका बाहेरच्या खोलीत येऊन आमच्याशी वाद घालत होत्या.

आता मासिकांचं. साठच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवायला घेतलं. दलित लेखक मोठ्या मासिकांची दारं वाजवत बसले नाहीत. स्वतःचं व्यासपीठ उभं राहिलं आणि तिथून एक पिढी लिहिती झाली. आपल्याकडेही 1990 मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. पण संमेलनाचा मांडव दोन-तीन दिवसांनी उतरतो. मासिक दर महिन्याला दारात येतं, आणि येत राहायला त्याला लेखकाआधी वर्गणीदार लागतात. धुळ्यातून 1985 साली पुरुषोत्तम पाटील यांनी सुरू केलेलं 'कवितारती' किंवा साने गुरुजींनी 1948 मध्ये काढलेलं 'साधना', यांत आपली नावं कमी का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहेच. पण आपल्यापैकी किती जण ते अंक घेतात? किती जणांनी तिथं एक तरी कविता पाठवून पाहिली?

कुणी म्हणेल, द्वेष पसरवणारे सिनेमे कोटींचा गल्ला जमवतात, तिथं तुमच्या दहा जणांनी 'नसीम' पाहून काय होणार? त्या गल्ल्याला काहीच होणार नाही. पण त्या दहा जणांचं होईल. आपली गोष्ट ठाऊक नसली की दुसऱ्यानं सांगितलेल्या गोष्टीवर आपण फक्त संतापू शकतो. ठाऊक असली की तिच्यासमोर आपली ठेवता येते.

म्हणून एवढं करा. महिन्यातून एक रविवार ठरवा, पाच जण जमा आणि यातला एक सिनेमा पाहा. आई, खाला, बहिणी यांनाही सोबत बसवा आणि संपल्यावर लगेच उठू नका. पाच जणांत मिळून एका मासिकाची वर्गणी भरा. घरात जुने अंक असतील तर रद्दीत घालण्याआधी वाचू शकणाऱ्या एखाद्या बुजुर्गाला दाखवा. 'शायर'चे जुने अंक 'रेख्ता'च्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. मी सध्या रोज त्यातलं एक पान वाचतो. अर्धा तास लागतो. दादा असते तर पाच मिनिटांत वाचून दाखवलं असतं, पण ते असताना मी कधी विचारलंच नाही.