नाडी पाहणारा आणि पुडी विकणारा

चारोटी नाक्यावर, जिथून एक वाट डहाणूच्या समुद्राकडे आणि दुसरी कासा गावावरून जव्हारच्या घाटाकडे फुटते, तिथे मोटारीचे बॉनेट उघडून हवालदिल उभा असलेला गृहस्थ आणि त्या बॉनेटात मान घालून, काही एक न बोलता, नुसतेच ‘च्च’ करणारा मिस्त्री हे दृश्य पाहिले नाही असा मोटारवाला आमच्या डहाणू-तलासरी या दोन तालुक्यांत विरळाच सापडेल. त्या एका उद्गारात केवढी सत्ता साठवलेली असते! न्यायाधीशाच्या निकालावर अपील चालते, मामलेदाराच्या हुकमाविरुद्ध प्रांताकडे दाद मागता येते, परंतु या ‘च्च’वर दाद मागण्यासाठी कोणतीही कचेरी उघडलेली नाही, कारण आत काय बिघडले आहे हे एकाच इसमाला कळते, आणि ते दुरुस्त करण्याचा मोबदलाही त्याच इसमाच्या पदरात पडायचा असतो.

खेड्यापाड्यांतून फिरणारा जुन्या काळचा वैदू रोग्याची नाडीही पाहत असे आणि आपल्याच झोळीतली पुडीही विकत असे. तो लबाडच असे, असे नव्हे. कित्येकांना खरोखरीचे ज्ञान असे आणि कित्येकांच्या हाताला गुणही असे. पण नाडीवर ठेवलेल्या उजव्या हाताला झोळीत शिरलेल्या डाव्या हाताची ओढ मुळीच लागत नव्हती असे शपथेवर कोण सांगेल? आजच्या गॅरेजचे, मग ते पत्र्याच्या शेडमधले असो की वातानुकूलित काचघरातले, नेमके हेच दुखणे आहे. काचघरातला झोळीवाला मात्र पुडीला पुडी म्हणत नाही. तो तिला ‘ट्रीटमेंट’ म्हणतो.

माझी मोटार २००८ सालची. २०२३ च्या उन्हाळ्यात तिच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली, तेव्हा पासिंगला नेण्यापूर्वी ती एकदा नीट तपासून घ्यावी, या सद्बुद्धीने मी ती राज्याच्या सीमेपलीकडच्या एका मोठ्या सेवा केंद्रात नेऊन उभी केली. तासाभराने टाय बांधलेल्या एका तरुणाने अत्यंत आदबीने माझ्या हाती जी यादी दिली, तिच्यात इंजिन फ्लश होता, इंजेक्टरची सफाई होती, एसीचे निर्जंतुकीकरण होते, खालून गंजरोधक लेप होता, पुढचे ब्रेक पॅड आणि मागचे ब्रेक शू होते, आणि तळाशी ३८,००० रुपयांचा आकडा होता. मी किंचित घुटमळतो आहे असे पाहताच तो म्हणाला, “सर, सेफ्टीचा प्रश्न आहे.” या वाक्यापुढे भल्याभल्यांचा हिशेबीपणा गळून पडतो, कारण त्यात पत्नी-मुलांचे प्राण अध्याहृत असतात आणि प्राणांचा भाव करणे कोणालाही शोभत नाही. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि गाडी परत आणली.

कासा रस्त्यावर एक तरुण मिस्त्री आहे. आयटीआयमध्ये शिकलेला, मितभाषी, हात सदा काळे. त्याने यादी वाचली नाही, आधी जॅक लावला, चाके उतरवली, आणि पुढचा पॅड माझ्या डोळ्यांसमोर धरून म्हणाला, “काका, हे अजून एक पावसाळा काढतील. तुम्ही हे बघा.” त्याचे बोट टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांवर होते : १११४. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, म्हणजे २०१४ च्या अकराव्या आठवड्यात जन्मलेले हे टायर नऊ वर्षांचे वृद्ध झाले होते. गाडी थोडी फिरणारी, त्यामुळे नक्षी कायद्याला हव्या असलेल्या १.६ मिलिमीटरच्या कितीतरी वर शाबूत होती, पण बाजूच्या रबरावर उन्हाळ्यातल्या शेतजमिनीसारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. शिवाय ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते, पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि उतारावर सारखा ब्रेक दाबावा लागला की त्याची वाफ होऊन पाय मोकळाच खाली जातो. आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत त्याचे आयुष्य पुस्तकात लिहिल्याहून अधिक असण्याचे काहीच कारण नाही. अडतीस हजारांच्या यादीत टायर नव्हते आणि ब्रेक ऑइलही नव्हते. त्या केंद्रात टायर विकत नसावेत, असे म्हणण्याचा मोह होतो. गाडीबरोबर मिळालेले, पंधरा वर्षे प्लॅस्टिकच्या पिशवीत निद्रिस्त असलेले पुस्तक त्या रात्री मी प्रथमच वाचले. ब्रेक ऑइल ठराविक मुदतीने बदलावे असे त्यात स्पष्ट लिहिले होते, आणि इंजिन फ्लशचा त्यात नामनिर्देशही नव्हता.

एवढ्यावरून ‘मोठे ते खोटे आणि लहान ते खरे’ असा सिद्धांत काढायला मी तयार नाही, कारण मला माझी दुसरी गोष्टही ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी रस्त्याकडेच्या अशाच एका मिस्त्रीने चाकातून येणारी घरघर ऐकून “बेअरिंग गेलंय, आज बदला” असे बजावले असता, हा गरजवंत माझ्याकडून पैसे उकळू पाहतो आहे अशी मनाशी खूणगाठ बांधून मी हसून निघालो, आणि आठव्या दिवशी उधव्याच्या अलीकडे, भर पावसात, रात्री साडेनऊ वाजता, त्या बेअरिंगने आपली कैफियत स्वतःच मांडली. अविश्वासालाही बिल येते, एवढेच त्या रात्री टोइंगवाल्याची वाट पाहताना मला उमगले. प्रश्न मिस्त्रीच्या सचोटीचा नाही. त्याच्या सचोटीची परीक्षा घेण्याचे कोणतेही साधन मालकाच्या हाती नाही, हा आहे.

आणि सरकार? मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि त्याखालचे नियम प्रवासी व मालवाहू वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरसाल योग्यतेचा दाखला घ्यायला लावतात. खाजगी मोटारीला मात्र पंधरा वर्षे पूर्ण होईपर्यंत कोणी ‘तुझे ब्रेक लागतात का?’ असे विचारत नाही. त्यानंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण येते, ज्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून एकदम पाच हजार झाले. मधल्या सव्वा तपात गाडीच्या प्रकृतीविषयी एकच कागद लागतो, तो म्हणजे पीयूसी. तो धुराची साक्ष देतो. ज्या गाडीचा एक दिवा फुटलेला आहे, स्टिअरिंग बोटभर सैल आहे आणि ब्रेक एकाच बाजूला ओढतो, ती गाडीही स्वच्छ धूर सोडत असेल तर निष्कलंक ठरते.

सरकारला हे उमगत नाही असे मात्र म्हणवत नाही. पुण्याच्या एका नागरिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने परिवहन कार्यालयांपाशी ब्रेकच्या परीक्षेसाठी अडीचशे मीटरचा पथ हवाच, असा आग्रह धरला आणि डोळ्यांनी पाहून दाखला देण्याच्या शिरस्त्याला चाप लावला. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. तिथे चाके रुळांवर फिरवून डाव्या-उजव्या ब्रेकच्या जोरातली तफावत यंत्र मोजते, दिव्याचा झोत मोजला जातो, गाडीखालच्या सांध्यांतला सैलपणा हलवून पाहिला जातो. या नियमांतली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली तरतूद यंत्राविषयीची नाहीच. ती अशी की तपासणी केंद्राने केवळ तपासणी करावी. गाड्यांची दुरुस्ती, विक्री किंवा सुट्या भागांचा व्यापार तिथे करू नये. म्हणजे नाडी पाहणाऱ्याने पुडी विकू नये, हे तत्त्व दिल्लीच्या दफ्तरात रीतसर रुजू झालेले आहे. ट्रकवाल्याला लाभलेला हा न्याय साध्या मोटारवाल्याला पंधरा वर्षे का मिळू नये?

बाजारावर सोपवून हे सुटेल अशी आशा बाळगणाऱ्यांनी २५ ऑगस्ट २०१४ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा निकाल आठवावा. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देता गिऱ्हाईक आपल्याच दारात बांधून ठेवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना आयोगाने मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. पुढे अपिले झाली, ते व्हायचेच. पण कासा रस्त्यावरच्या त्या तरुणाला गाडीच्या संगणकातला दोष वाचता येत नाही, ते त्याच्या अज्ञानामुळे नव्हे, हे त्या निकालाने लेखी सांगून ठेवले.

आमच्या मुलखात तर गाडीचे आयुष्य मुळातच खडतर. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांतून निघालेला टेम्पो समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात रात्रभर उभा राहतो आणि त्याच्या चासीला गंज आतून खातो. दहिसरपासून तलासरीतल्या आच्छाडपर्यंतचा १२१ किलोमीटरचा महामार्ग काँक्रीटचा करण्याचे काम चालू असताना वळणरस्त्यांच्या खड्ड्यांनी शॉकअप आणि बुश किती खाल्ले, याचा पंचनामा कोणी केलेला नाही. तलासरी, उधवा, कासा या बाजारांना काळ्या-पिवळ्या जीपमधून पायरीवर लोंबकळत जाणाऱ्या वारली बाईला त्या जीपच्या ब्रेकविषयी मत विचारण्याची पद्धत नाही. आणि याच महामार्गावर, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या उंची बनावटीच्या मोटारीला अपघात होऊन ते व त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. मागच्या आसनावरच्या त्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते असे तपासात पुढे आले. त्यानंतर मी जितक्या गॅरेजांच्या याद्या पाहिल्या, त्यांत मागच्या पट्ट्याचे बक्कल अडकते का, हे पाहिल्याची नोंद एकीतही आढळली नाही. त्यात विकण्यासारखे काही नाही ना!

तूर्त मालकाच्या हाती जे थोडेफार आहे ते असे : यादी ऐकली की पुस्तक उघडावे, काम लेखी घ्यावे, चाक उतरलेले असताना तिथे उभे राहावे, आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. जुना भाग मागितल्यावर गॅरेजवाल्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो शंभर जाहिरातींहून अधिक बोलका असतो. पण हे सारे सवड असलेल्या, पेन्शनीत निघालेल्या माझ्यासारख्याचे उद्योग झाले. रोज पहाटे डहाणू लोकल पकडणाऱ्या माणसाने हे केव्हा करावे?

म्हणून एक तजवीज सुचवतो. ब्रिटनमध्ये १९६० पासून खाजगी मोटारीची सक्तीची तपासणी आहे. आरंभी ती दहा वर्षांच्या गाडीला लागू होती, १९६७ पासून तीन वर्षांच्या गाडीला लागते. तिथेही बहुतेक तपासणी दुरुस्तीवालेच करतात, आणि आपल्यासारखीच कुरकुर तिथेही चालते. मात्र जाणते लोक एक पळवाट, किंबहुना राजमार्ग, सांगतात : नगरपालिकांची आपल्या स्वतःच्या वाहनांसाठी चालवलेली तपासणी ठाणी लोकांनाही खुली असतात, आणि लोकांच्या गाड्या ती दुरुस्त करीत नसल्याने त्यांना दोष शोधण्यात स्वार्थ नसतो, लपवण्यातही नसतो. आपल्याकडे असे ठाणे कोठून आणायचे? ते आहेच. एस.टी.चे डहाणू आगार आहे, जव्हार आहे, बोईसर आहे. तिथे गाडीखाली उतरण्याचे खड्डे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या ब्रेक जुळवणारे फिटर आहेत, आणि महामंडळाला उत्पन्नाची निकड किती आहे हे सांगायला नको. दुपारच्या काही तासांत, ठरलेल्या शुल्कात, कोणत्याही खाजगी मोटारीची चाके उतरवून काय ठीक, काय लवकर बदलावे आणि काय आजच बदलावे एवढे एका कागदावर लिहून द्यावे. पान्हा मात्र लावू नये आणि सुटा भाग विकू नये. वसईच्या परिवहन कार्यालयापर्यंत जायचे, तर डहाणू रोड ते विरार हे रेल्वेचेच अंतर साठ किलोमीटरांहून अधिक आहे. गाडी रस्त्यावर धावायला लायक आहे की नाही हे विचारण्यासाठी ती आधी तेवढी धाववायची, हा द्राविडी प्राणायाम तरी वाचेल. स्वतः वाटेत बंद पडणारी एस.टी. इतरांच्या गाड्या काय तपासणार, अशी टवाळी होईल हे मी जाणून आहे. परंतु जुन्या गाड्यांवर जन्म काढलेल्या फिटराइतका जीर्णतेचा जाणकार दुसरा कोण असणार?

ही कल्पना मी त्या कासा रस्त्यावरच्या मिस्त्रीला सांगितली, तेव्हा तो चाकाचे नट आवळत होता. “काका, मग आमच्याकडं कोण येणार?” असे म्हणून तो हसला. मी म्हटले, “येतील की. पण हातात यादी घेऊन येतील.” त्याने पान्हा बाजूला ठेवला, क्षणभर विचार केला, आणि म्हणाला, “मग बरंच आहे. अर्धा दिवस तर मी खोटं सांगत नाही हे पटवण्यातच जातो.”