नक्कल करायची तर पुरती करा

नकलेवर माझा राग नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. नाही तर ऐन दिवाळीत हा मास्तर लोकांच्या हसण्यावरही छडी उगारायला निघाला, असा गैरसमज व्हायचा. दुसऱ्याच्या बोलण्याचा हेल उचलणे ही माणसाची जुनी खोड आहे. मूल बोलायला शिकते तेच मुळी नक्कल करून. तमाशातला सोंगाड्या, दारोदार फिरणारा बहुरूपी, भारुडातली सोंगे या सगळ्यांनी मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या हसवले, ते आवाज बदलून आणि हेल बदलूनच. तेव्हा नकला बंद करा म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. माझी तक्रार अगदी उलट आहे. आपण नक्कल फार थोडी करतो. चार शब्द आणि एक हेल एवढ्या भांडवलावर दुकान थाटतो आणि सबंध प्रांत विकायला काढतो. माझे म्हणणे इतकेच, की नक्कल करायची तर पुरती करा.

आमच्या हौशी नकलाकारांचा वऱ्हाडी माणूस घ्या. तो प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘बे’ लावतो. बापाशी बोलताना ‘बे’, सासऱ्याशी बोलताना ‘बे’, देवापुढे हात जोडतानाही ‘बे’. खऱ्या वऱ्हाडात बापाला ‘बे’ म्हणून पाहा, मग काय होते ते कळेल! तो शब्द बरोबरीच्या सवंगड्यासाठी किंवा धाकट्यासाठी आहे. त्याला माणसे आणि जागा नेमून दिलेली आहे. ‘मी जेवून राहिलो’ या वाक्यावर आम्ही पोट धरधरून हसतो. पण जेवणे या घटकेला चालू आहे, एवढे सांगण्यासाठी त्या बोलीने केलेली ती सोय आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मालवणीची तीच गत. ‘घोडा’चा ‘घोडो’ होतो आणि ‘माझा’चा ‘माझो’ होतो, एवढे ऐकून आमचा नकलाकार ‘माझो बायको’ म्हणून मोकळा होतो. मालवणी माणूस असे जन्मात म्हणणार नाही. कोल्हापुराकडची बाई ‘मी येतो’ म्हणते, याचीही थट्टा होते. जणू त्या बाईला आपण बाई आहोत हे ठाऊकच नाही! बोली म्हणजे व्याकरण मोडलेली मराठी, या समजुतीवर ही सारी करमणूक उभी आहे. खरी गोष्ट अशी, की प्रत्येक बोलीला तिचे व्याकरण असते आणि ते मोडतो तो नकलाकार.

‘न’ आणि ‘ण’ यांचे भांडण तर आमच्या शिष्टपणाचा देव्हाराच झाले आहे. ‘पानी’ म्हणणारा अडाणी आणि ‘पाणी’ म्हणणारा शहाणा! आता गंमत पाहा. ज्या महाराष्ट्री प्राकृताचा आपण अभिमान बाळगतो, हालाची सप्तशती ज्या भाषेत आहे, त्या भाषेने संस्कृतातल्या जवळजवळ प्रत्येक ‘न’चा ‘ण’ करून टाकला होता. म्हणजे त्या काळच्या संस्कृत पंडिताच्या कानाला आपले पूर्वजच ‘अशुद्ध’ बोलत होते. आणि ज्या वऱ्हाडाच्या बोलीला आपण हसतो, त्याच भूमीत, रिद्धपूरच्या परिसरात, तेराव्या शतकात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा गावोगावी पेढे वाटले गेले. त्या मानात या मातीचा वाटा मोठा आहे, हे पेढा तोंडात असेपर्यंत तरी आठवायला हरकत नव्हती.

पण चुकीच्या नकलेपेक्षाही मला दुसरी गोष्ट अधिक सलते. नकलेला आपण दोन भाव लावतो. शहरातला माणूस खेड्यातल्या माणसाचा हेल उचलतो तेव्हा त्याला विनोद म्हणतात. खेड्यातला माणूस शहरी हेल उचलतो तेव्हा त्याला सुधारणा म्हणतात. बर्नार्ड शॉने १९१३ साली ‘पिग्मॅलियन’मध्ये नेमके हेच दुखणे रंगभूमीवर आणले. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ लिहून ते मराठीत आणले. फुले विकणारी मुलगी प्रतिष्ठितांसारखे बोलायला शिकते, म्हणजे त्यांची नक्कलच करते. पण तिला टाळ्या मिळतात त्या ‘सुधारली’ म्हणून. उलट एखाद्या प्राध्यापकाने त्या मुलीकडे सहा महिने शिकवणी लावून तिच्यासारखे बोलायला शिकावे, असे नाटक कोणाला सुचत नाही.

हा दुटप्पी भाव देशाबाहेर गेले की आपल्या अंगावर येतो. १९६८ सालच्या ‘द पार्टी’ या चित्रपटात पीटर सेलर्स या इंग्रज नटाने तोंडाला रंग फासून आणि आपला हेल उचलून एक वेंधळा भारतीय रंगवला. ‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन चित्रमालिकेत अपू नावाचा भारतीय दुकानदार होता. त्याला एका गोऱ्या अमेरिकन नटाचा आवाज होता. त्या आवाजामुळे शाळेत चिडवली गेलेली भारतीय वंशाची मुले मोठी झाली. त्यांच्यापैकी हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७ साली त्यावर माहितीपटच काढला, आणि २०२० साली त्या नटाने ते काम सोडल्याचे जाहीर केले. आता दुसरी बाजू पाहा. या शतकाच्या आरंभी आपल्याकडची हजारो पदवीधर मुले रात्रपाळीला बसून अमेरिकन गिऱ्हाइकांशी दूरध्वनीवर बोलू लागली. त्यांना त्या देशातली नावे देण्यात आली आणि आपला हेल पुसायचे धडे देण्यात आले. २०२५ साली तर बोलणाऱ्याचा भारतीय हेल बोलता बोलताच सपाट करणारी संगणकप्रणाली एका बड्या परदेशी कंपनीने इथल्या नोकरांसाठी घेतल्याची बातमी आली. त्यांनी आपली नक्कल केली तर करमणूक; आपण त्यांची केली तर प्रशिक्षण!

हे वाचून वाचकांपैकी कोणी चिडले असतील तर ते रास्तच आहे. हिंदी चित्रपटात भांडी घासणारी बाई आणि लाच खाणारा हवालदार यांच्याच तोंडी मराठी वळणाची हिंदी घातली, की आपण असेच चिडतो. पण मग ‘पडोसन’मधल्या मेहमूदच्या मद्रासी मास्तरावर आपण इतकी वर्षे काय म्हणून हसत आलो? तमिळ, तेलुगू, कानडी आणि मल्याळी अशा चार थोर भाषांची एका ‘अय्यय्यो’त मोळी बांधताना आपल्याला काही वाटले नाही. दुसऱ्याच्या वरवंट्याखाली आपले बोट आले तरच तो जड लागतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की इतका विचार करीत बसलो तर विनोद मरेल. मला तसे वाटत नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ घ्या. देवलांच्या कृपेने ते मराठी घरांत पोचले आहे. त्या नाटकात बोलण्याच्या ढबीवरून हसू कोणाचे होते? राजाच्या मेहुण्याचे! सत्तेच्या जोरावर मस्तवाल झालेला हा शकार ‘स’च्या जागी ‘श’ म्हणतो आणि रामायण-महाभारतातली माणसे एकमेकांत कालवतो. त्याच नाटकात चंदनक नावाचा रक्षक आहे, तो दक्षिणेकडचा. गाडीत लपलेल्या आर्यकाला त्याने अभय दिलेले असते. पण बोलता बोलता ‘आर्या’च्या जागी ‘आर्य’ असे पुल्लिंगी रूप त्याच्या तोंडून निसटते आणि सोबत्याला संशय येतो. तेव्हा हा पठ्ठ्या म्हणतो की आम्ही दाक्षिणात्य माणसे, आमचे बोलणे असेच अस्पष्ट! उत्तरेकडच्यांनी दक्षिणेकडच्या बोलण्याला जी नावे ठेवली होती, त्यांचीच ढाल करून तो एका माणसाचा जीव वाचवतो. यात विनोद आहेच आणि माणूसही पुरा आहे. नक्कल पुरती केली म्हणजे असे होते.

आपल्या काळातही अशी उदाहरणे आहेत. गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे हजारो प्रयोग केले. त्यात हशा थोडा का आहे? पण तिथे मालवणी बोलतो तो केवळ स्वयंपाकी नाही. सबंध गाव मालवणी बोलते, धर्मराज आणि दुर्योधनही त्यातून सुटत नाहीत. एकट्याला बाजूला काढून हसणे तिथे संभवतच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली, तेव्हा खानदेशी बोलीत जन्ममरणाचा विचार किती खोल जातो, ते शहाण्यासुरत्यांना प्रथम कळले. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ या १९६० सालच्या कादंबरीत कौतिक वऱ्हाडीत बोलते. ती वाचताना ‘बे’ ऐकून हसू येणारा वाचक मला अजून भेटायचा आहे.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण या नकलांची खरी किंमत शाळेत मोजली जाते. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातली कुटुंबे आमच्या भागात येतात. त्यांतली काही मुले आमच्या शाळेत बसतात. पहिल्या आठवड्यात ती बोलतात. कोणीतरी त्यांची नक्कल करतो, वर्ग हसतो, आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती बोलेनाशी होतात. हजेरीला नुसता हात वर करतात. स्नेहसंमेलनातल्या नाटिकेत अशा मुलाला ठरलेले काम मिळते: गड्याचे नाही तर चोराचे. एके वर्षी मी नाटिका लिहिली आणि न्यायाधीशाचे काम बीडकडच्या एका मुलाला दिले, त्याच्याच बोलीत. चोर मात्र अत्यंत शुद्ध, छापील मराठी बोलत होता. “कामून खोटं बोलायलास?” असे न्यायाधीशाने विचारताच सवयीप्रमाणे हशा पिकला. दुसऱ्या प्रश्नाला तो निम्मा झाला. निकाल वाचताना मंडपात शांतता होती. मग समारोपाला उठलेले पाहुणे म्हणाले, “नाटिका छान झाली. फक्त न्यायाधीशाच्या तोंडी जरा शुद्ध भाषा हवी होती.” चोराच्या भाषेबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती!

त्या पाहुण्यांना मी एकट्याला दोष देत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बीबीसीने विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. नेहमीच्या उच्चभ्रू हेलाऐवजी तो आपल्या गावाकडच्या हेलात वाचू लागला, तर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातमी तीच, युद्ध तेच. पण गावाकडच्या आवाजातली बातमी वजनदार लागेना. जी बोली आपण फक्त हसताना ऐकलेली असते, तिच्यात सांगितलेले खरेही आपल्याला खरे वाटत नाही. नकलेने होणारे नुकसान हे असे आहे. संमेलनानंतर त्या मुलाने मला विचारले, “सर, खरेखुरे जज्जसाहेब आमच्यावानी बोलत असतेत का?” मी म्हटले, “कोर्टात नसतील बोलत. पण आईशी बोलताना बोलत असतील.” तो बराच वेळ विचार करीत उभा राहिला. त्याने शाळेत मला आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

कोणी म्हणेल, मग प्रमाण भाषा बुडवायची काय? मुळीच नाही. मी ती शिकवतो आणि निबंधात चुकली तर गुणही कापतो. गडचिरोलीच्या माणसाचा अर्ज सावंतवाडीच्या कचेरीत वाचता यावा, म्हणून सगळ्यांची एक लेखी भाषा हवीच. पण ती लग्नकार्यातल्या पोशाखासारखी आहे. तो पोशाख अंगावर नाही म्हणून कोणी घरातल्या माणसाला नागडे म्हणत नाही.

तेव्हा नकलाकारांपुढे माझी एकच परीक्षा आहे. ज्या बोलीची नक्कल करता, तिच्यात एकदा दुखवट्याला जाऊन बोलून दाखवा. मूल तापाने फणफणले असताना डॉक्टरला काय सांगाल, ते बोलून दाखवा. सावकाराकडे मुदत मागून दाखवा. रुसलेल्या बायकोची समजूत घालून दाखवा. एवढे जमले, तर मग खुशाल त्या बोलीत हसवा. मी पहिल्या रांगेत बसून हसेन, आणि त्या मुलखातला माणूस माझ्या शेजारी बसून माझ्याहून मोठ्याने हसेल. ते जमत नसेल, तर त्या बोलीतले तुम्हांला चारच शब्द येतात, एवढे कबूल करा आणि उरलेले शिकायला एखाद्या सुटीत त्या गावी जा. गावातली माणसे तुम्हांला हसतील. थोडे हसू द्या.